१० जून १९१८ : टाउन हॉल, गोदी आणि युद्धाचा हिशेब

मुंबईच्या फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी नेहमी गर्दी असते. मागे पांढरे उंच खांब, समोर गोल बाग. या बागेला आज हॉर्निमन सर्कल म्हणतात. इमारतीच्या पाठीमागे टांकसाळ आहे आणि तिथून बॅलार्ड पिअरची गोदी चालत दहा मिनिटांवर. पहिलं महायुद्ध म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले खंदक येतात. मला मात्र गेली काही वर्षं हा चालत दहा मिनिटांचा पट्टा दिसतो आणि एक तारीख आठवते : १० जून १९१८, सोमवार.

त्या दिवशी या इमारतीत, म्हणजे तेव्हाच्या टाउन हॉलमध्ये, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी प्रांतिक युद्ध परिषद बोलावली होती. इंग्रज सरकारला माणसं हवी होती, पैसा हवा होता आणि राजनिष्ठेचा ठराव हवा होता. निमंत्रितांत लोकमान्य टिळक होते. ते बोलायला उठले, गव्हर्नरने त्यांना अडवलं आणि ते सभागृह सोडून निघून गेले.

त्याच १० जूनला मुंबई पोलिसांचे सात शिपाई तापाने फणफणून पोलीस रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप मलेरियाचा नव्हता. शहरात इन्फ्लुएंझा शिरला होता, आणि तो युद्धाच्या बोटींनीच आणला होता.

दोन्ही घटना इतिहासात नोंदलेल्या आहेत, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. एक राजकारणाच्या पुस्तकात सापडते, दुसरी साथींच्या. मला त्या एकत्र ठेवायच्या आहेत, कारण त्या एकाच युद्धाच्या हिशेबाच्या दोन बाजू आहेत. टाउन हॉलमध्ये मागणं काय आणि मोबदला काय, याचा वाद चालू होता. ज्यांच्याकडून या युद्धाची सर्वांत मोठी वसुली व्हायची होती, त्यांच्यातलं कुणीही त्या सभागृहात नव्हतं.

जर्मनची लढाई

गावाकडची जुनी माणसं या युद्धाला 'जर्मनची लढाई' म्हणत. लढाई जर्मनीशी असली तरी मराठी पलटणींच्या नशिबी आलं ते मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १९१४ च्या ऑक्टोबरात हिंदी फौज मुंबईहून तिकडे निघाली. पुढे १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या रोखाने वर सरकल्या, टेसिफॉनला अडल्या, मागे हटल्या आणि तैग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात कोंडल्या गेल्या.

कुतचा वेढा १४७ दिवस चालला. रसद संपत आली, पीठ रोज थोडं थोडं कमी मिळू लागलं आणि मग घोडे कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं. अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांच्या संमतीचे निरोप बिनतारी यंत्रावरून मागवले, ते शिपायांना वाचून दाखवले. तरी कित्येकांचा हात पुढे होईना. मला त्यांचा नकार हट्ट वाटत नाही. घरी परत गेल्यावर जात पंक्तीला बसवेल का, बहिणीचं लग्न अडेल का, हा त्यांच्यापुढचा अगदी खरा प्रश्न होता. भूक, स्कर्व्ही आणि हगवणीने माणसं खंगली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की कैदेत त्यांतले हजारो मेले.

या पराभवाचा धागा थेट टाउन हॉलपर्यंत येतो. मेसोपोटेमियातल्या जखमींचे हाल इतके भयंकर होते की लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला. औषधं नाहीत, नदीच्या बोटींवर घाणीत पडलेले जखमी, बसऱ्यापर्यंत दिवसचे दिवस मलमपट्टी नाही. १९१७ च्या उन्हाळ्यात अहवाल आला आणि त्यात हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कडक ठपका होता. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी पार्लमेंटात जाहीर केलं की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणणं हे ब्रिटिश धोरण आहे. ही घोषणा व्हायला होमरूलची म्हणजे स्वराज्याच्या मागणीची चळवळ, काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातला लखनौ करार, होमरूलच्या पुढारी अ‍ॅनी बेझंटबाईंची नजरकैद ही कारणं होतीच. पण ती व्हायला जो माणूस त्या खुर्चीवर हवा होता, तो तिथे पोचला कुतमुळे. सातारा-रत्नागिरीच्या शिपायांच्या उपासमारीचा आपल्या घटनात्मक इतिहासाशी असा संबंध आहे, आणि शाळेत तो कुणी सांगत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण या युद्धात पडले. गावाचं नावच पुढे 'अपशिंगे मिलिटरी' झालं. रत्नागिरीचं चित्र आणखी गुंतागुंतीचं. हा जिल्हा पलटणीला माणसं देई, मुंबईच्या गिरण्यांना माणसं देई आणि बोटींना खलाशीही देई. थोरला पलटणीत, मधला गिरणीत, धाकटा बोटीवर आणि घरी म्हातारा-म्हातारी व सुना मनिऑर्डरीची वाट बघत, अशी घरं तिथे होती. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या साधारण दर पाच माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. म्हणजे मुंबईत जे घडे ते आठवड्याभरात कोकणात पोचे, पैसा असो, बातमी असो की ताप.

मुंबईतही युद्ध नजरेआड नव्हतं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी इमारत बांधून झाली, पण वस्तू मांडायच्या आधी तिथे लष्करी इस्पितळ आलं. मस्जिद बंदरच्या नाविकगृहात आजही एक स्मारक आहे, त्यावर समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाश्यांची नोंद आहे. बंदुकीला हात न लावता मेलेली ही माणसं. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकताना पाणसुरुंग किंवा टॉर्पेडो लागून गेलेली.

रुपया, धोतर आणि खोली

चार वर्षांत शहराच्या रोजच्या जगण्याचं काय झालं, हे मला लढायांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तेच थोडं सविस्तर सांगतो.

आधी नाणं. युद्धाचं सामान खरेदी करायला सरकारला रुपये लागत आणि तेव्हाचा रुपया चांदीचा. जगात चांदी महागली, रुपयातल्या चांदीची किंमतच रुपयाच्या वर जायला लागली, लोकांनी रुपये दडवले. मग ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली आणि १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची. अडीच रुपयांची नोट! हातावर पोट असलेल्या माणसाने आयुष्यात कागदाचा पैसा पाहिलेला नव्हता. भाजीवाली, वाणी, हमाल यांना खणखणून बघता येईल असा रुपया हवा होता, आणि कित्येक ठिकाणी नोट मोडून घ्यायला वटाव द्यावा लागे. वसंतात जर्मनांनी पश्चिम आघाडीवर जोराची चढाई केली, तशी मुंबईच्या चलन कचेरीवर नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची झुंबड उडाली. जून १९१८ च्या पहिल्या आठवड्यात सरकारच्या गंगाजळीत चांदीचे रुपये जेमतेम ४ कोटी उरले होते. सबंध हिंदुस्थानासाठी! अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी विकली म्हणून निभावलं. टाउन हॉलमध्ये साम्राज्याच्या सामर्थ्यावर भाषणं चालली होती, तेव्हा त्याच इमारतीमागच्या टांकसाळीला चांदी पुरत नव्हती.

मग कापड. लँकेशायरचा माल येणं घटलं, कारण बोटी लष्कराने घेतल्या होत्या. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या दराने १५० कोटी रुपयांची, युद्धभेट दिली. भेट दिली सरकारने आणि भरायची रयतेने. तो बोजा पेलायला परदेशी कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के केली, देशी कापडावरचा उत्पादन कर मात्र साडेतीनवरच राहिला. जे संरक्षण हिंदी गिरणीवाले वर्षानुवर्षं मागत होते ते युद्धाने दिलं. मुंबईच्या गिरण्यांना सोन्याचे दिवस आले, भागधारकांना कधी नव्हे इतका लाभांश मिळाला. आणि त्याच गिरणीत धोतरजोडी विणणाऱ्याला धोतरजोडी परवडेनाशी झाली. कापडाची टंचाई इतकी झाली की १९१८ मध्ये सरकारला गरिबांसाठी स्वस्त ठरावीक कापड काढायचा कायदा करावा लागला. पुष्कळ ठिकाणी लोकांनी कापडाची आणि धान्याची दुकानं लुटली.

धान्याचं तर विचारू नका. रेल्वेचे डबे लष्कराच्या कामी, कोळसा कमी, रॉकेल कमी, आणि गहू परदेशी जातच होता. मुंबईतल्या कामगाराच्या घरखर्चाचा १९१४ चा आकडा १०० धरला तर १९१८ मध्ये तो दीडशेच्या वर गेला होता. गिरणी मालकांनी मजुरीवर जो युद्धभत्ता दिला तो १९१८ च्या सुरुवातीला होता १५ टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की संप का झाला, हे वेगळं सांगायला नको.

राहिली खोली. युद्धात शहर फुगलं, बांधकाम थांबलं, भाडी चढली. चाळमालक खोल्या रिकाम्या करून घ्यायला लागले. तेव्हा १९१८ मध्ये मुंबई इलाख्याने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९१६ चं भाडं हे प्रमाण धरलं. कायद्याच्या नावातच 'युद्ध निर्बंध' असे शब्द होते. युद्ध संपलं की कायदाही जाईल अशी कल्पना होती. पण पुढच्या महायुद्धाने तो पुन्हा आणला आणि त्यातून आलेली गोठलेली भाडी मुंबईच्या जुन्या चाळींत आजही वाद बनून राहिली आहेत. पागडीच्या खोलीत वाढलेल्या कुणालाही सांगायला हरकत नाही की त्या भाडेपावतीची पाळंमुळं जर्मनच्या लढाईत आहेत.

सभागृहात काय घडलं

आता १० जूनकडे वळू.

टिळकांची भूमिका समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. जून १९१४ मध्ये ते मंडालेहून सुटले आणि दोनच महिन्यांत युद्ध पेटलं. ऑगस्टमध्येच त्यांनी जाहीर पत्र लिहून या संकटात सरकारला मदत करावी असं सांगितलं. अनेकांना तेव्हा धक्का बसला, काहींना आजही बसतो. पण टिळकांचा हिशेब सरळ होता. सरकार अडचणीत आहे, त्याला आपली गरज आहे, गरजवंताशी सौदा करता येतो. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला त्यांनी होमरूल लीग काढली आणि त्याच वर्षी बेळगाव-अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणं हा राजद्रोह नाही, हे त्या निकालाने गावोगावच्या कार्यकर्त्यांना कळलं. चळवळीला याहून मोठा आधार मिळाला नसता.

सैन्यभरतीला टिळकांचा विरोध कधीच नव्हता. नागरिकांचं संरक्षण दल निघालं तेव्हा पुण्यात तरुणांनी त्यात नाव घालावं असं ते स्वतः सांगत फिरले. त्यांना हवी होती ती बरोबरी. हिंदी माणूस सुभेदार होऊन थांबणार आणि कालचा गोरा पोरगा लेफ्टनंट होऊन त्याच्यावर हुकूम चालवणार, हे त्यांना मान्य नव्हतं. सरकारने १९१७ मध्ये नऊ हिंदी अधिकाऱ्यांना राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचं अधिकारपद, दिलं आणि पुढे सँडहर्स्टच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेत वर्षाला दहा जागा देऊ केल्या. दहा लाखांहून अधिक माणसं उभी करणाऱ्या देशाला दहा जागा.

मार्च १९१८ नंतर ब्रिटनची अवस्था खरंच बिकट होती. एप्रिलच्या शेवटी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी दिल्लीत युद्ध परिषद भरवली, आणखी पाच लाख माणसं उभी करायचं ठरलं. गांधीजी त्या परिषदेला गेले आणि ठरावाला त्यांनी हिंदीत एका वाक्यात पाठिंबा दिला. टिळकांना तिथे बोलावलंच नव्हतं. मुंबईच्या परिषदेला बोलावलं, पण विलिंग्डननी आपल्या प्रास्ताविक भाषणातच होमरूलवाल्यांच्या हेतूवर शंका घेतली. घरी बोलावून उंबऱ्यातच पाहुण्याचा पाणउतारा करण्यासारखंच झालं ते.

टिळक उठले. राजाबद्दल निष्ठा त्यांनी आधी सांगितली. मग ठरावाला दुरुस्ती सुचवू दिली जात नाही याबद्दल बोलले आणि स्वराज्य व देशाचं संरक्षण यांची फारकत करता येत नाही, या मुद्द्यावर आले. गव्हर्नरने थांबवलं : इथे राजकीय चर्चा नको. टिळकांनी वाद घातला नाही. ते खाली उतरले आणि बाहेर पडले. न. चिं. केळकर उठले, त्यांनाही अडवलं गेलं, तेही बाहेर. मागोमाग जमनादास द्वारकादास, करंदीकर आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन. तोच हॉर्निमन, ज्याच्या नावाची बाग आज त्या पायऱ्यांसमोर आहे. जिना थांबले आणि उभं राहून त्यांनी गव्हर्नरच्या आरोपांना तिथल्या तिथे उत्तर दिलं. सहा दिवसांनी, १६ जूनला, गिरगावात शांताराम चाळीत निषेधसभा झाली, अध्यक्ष होते गांधीजी.

इथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. गांधीजींचं म्हणणं, अट न घालता मदत करा, त्यातून हक्क आपोआप येतील. ते गुजरातच्या खेडा जिल्ह्यात गावोगाव भरतीसाठी फिरले. याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी काही महिन्यांपूर्वी सत्याग्रहात त्यांच्यासाठी गाड्या जुंपल्या होत्या, आता भाड्यानेही गाडी मिळेना. चालून चालून आणि आजारून त्यांनी अंथरूण धरलं. टिळकांनी गांधीजींना ५०,००० रुपयांचा धनादेश पाठवला होता : हिंदी लोकांना अधिकारपदं मिळतील असं वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, न दिली तर हे पैसे जप्त समजा. गांधीजींनी धनादेश परत केला. मदत सौद्याची नसावी, हे त्यांचं उत्तर.

मला विचाराल तर त्या क्षणी टिळकांचं गणित बरोबर होतं आणि गांधीजींचं चुकलं. बिनशर्त मदतीचं फळ काय मिळालं ते पुढच्या मार्चमध्ये रौलट कायद्याच्या, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याच्या, रूपाने दिसलंच. पण टिळकांच्या गणितातही एक मोठी जागा रिकामी होती. पाच हजार माणसं देतो म्हणताना ती माणसं कोण, त्यांना काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं. अधिकाऱ्याचं कमिशन मिळून भलं होणार होतं शिकलेल्या घरच्या मुलाचं. शिपाई म्हणून जाणारा शेतकरी शिपाईच राहणार होता.

त्या रिकाम्या जागेत काही लोक आधीपासून उभे होते. महारांची लष्करभरती सरकारने १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जमाती'च्या खुळापायी, म्हणजे काही जातीच लढायला लायक अशा समजुतीने, बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले, कुणी दाद दिली नाही. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा सरकारला आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपली, तशी १९२१ मध्ये मोडलीही. पलटण म्हणजे फक्त पगार नव्हता. पेन्शन, अंगावर गणवेश, पोरांना शाळा, आणि गावात मान वर करून चालायची सोय. आंबेडकरांचं घराणं त्याच सोयीतून पुढे आलं होतं. ते स्वतः ऑगस्ट १९१७ मध्ये लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तकं ज्या बोटीवर होती ती टॉर्पेडोने बुडाली. नुकसानभरपाई मिळाली ६०० रुपये.

मानमोडी

टाउन हॉलच्या बातमीने वर्तमानपत्रं भरली. सात शिपायांच्या तापाची बातमी कुणी छापणार नव्हतंच.

आठवड्याभरात पोर्ट ट्रस्ट, तारखातं, टांकसाळ आणि एका गिरणीतली माणसं पडायला लागली. जूनची लाट लवकर आली, लवकर गेली. डॉक्टरांनाही वाटलं, नेहमीचा पावसाळी ताप. सप्टेंबरमध्ये ती परत आली ती वेगळ्याच रूपात. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी थरथरत घरी यायचा, मान आणि कंबर मोडून निघाल्यासारखी दुखायची, म्हणून लोकांनी या तापाला मानमोडी नाव दिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वास भरायचा आणि संपायचा. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. स्मशानात लाकूड पुरेना.

त्या वर्षीचा पाऊसही दगा देऊन गेला होता. घाटावर खरीप गेलं, जोंधळा महागला, ब्रह्मदेशचा तांदूळ पुरेसा येईना. अर्धपोटी शरीरावर ताप बसला. आणि सुट्टी घेऊन गावी पळणारा गिरणीकामगार आगगाडीतून आणि कोकणच्या बोटीतून तो घरी घेऊन गेला. मुंबई इलाख्यात या साथीने १० लाखांहून अधिक बळी घेतले. सबंध हिंदुस्थानात १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत अंदाज आहेत. चार वर्षांत रणांगणावर पडलेले हिंदी सैनिक ७०,००० च्या घरातले. युद्धाने हिंदुस्थानात जास्त माणसं कुठे मारली, हे या आकड्यांवरून कळतं. बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, विशेषतः वीस ते चाळिशीतल्या. आजाऱ्याचं करणारी तीच आणि शेवटी उरलंसुरलं खाणारीही तीच.

मुंबईच्या मृत्युदराचा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलली नाही. दर हजारी मृत्यू : युरोपियन ८.३. सवर्ण हिंदू १८.९. ज्यांना तो तक्ता 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो, ते ६१.६. जंतू जात बघत नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत किती माणसं झोपतात, पाण्याचा नळ किती लांब आहे, डॉक्टर उंबऱ्याच्या आत येतो की बाहेरूनच औषध टाकतो, हे जातीनेच ठरलेलं होतं.

सरकारची यंत्रणा तेव्हा कुठे होती? डॉक्टर मोठ्या संख्येने लष्करात गेलेले, बडे साहेब सिमल्याच्या थंडीत. पोकळी भरली ती लोकांनी. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातींची मंडळं आणि कॉलेजातली मुलं चाळीचाळीतून औषध, दूध, घोंगड्या घेऊन फिरत होती. टाउन हॉलमध्ये भाषणं करणाऱ्यांना जे गिरणगाव नकाशावर माहीत होतं, ते या पोरांनी जिने चढून पाहिलं. दोन वर्षांनी अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली, तिच्या उभारणीत हेच जोशी होते. तो केवळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

जानेवारी

११ नोव्हेंबरला युद्ध संपलं. ११ डिसेंबरला टाउन हॉलमध्ये पुन्हा गर्दी झाली. विलिंग्डनची मुदत संपत होती, त्यांचं स्मारक करावं म्हणून शहरातल्या काही बड्या मंडळींनी सभा बोलावली होती. जिना, त्यांच्या पत्नी रत्ती आणि त्यांचे सहकारी सकाळपासून सभागृहात जागा अडवून बसले. गोंधळ झाला, पोलिसांनी सर्वांना बाहेर काढलं, स्मारक बारगळलं. लोकांनी एकेक रुपया गोळा केला आणि त्यातून गिरगावातल्या काँग्रेस हाउसच्या आवारात जिनांच्या नावाचा हॉल बांधला. टिळक तेव्हा चिरोल या इंग्रज पत्रकारावर त्यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी विलायतेत होते.

त्यानंतर चारच आठवड्यांत गिरणगाव उठलं. सेंच्युरी मिलपासून सुरुवात झाली आणि जानेवारी १९१९ च्या दुसऱ्या आठवड्यात शहरातल्या जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या. एक लाखाहून अधिक कामगार रस्त्यावर. मागे युनियन नव्हती, संपफंड नव्हता, नाव घ्यावं असा पुढारी नव्हता. एका गिरणीतून बाहेर पडलेला जमाव दुसऱ्या गिरणीच्या फाटकाशी जायचा आणि तिथले लोक बाहेर यायचे. मागणी साधी : महागाईच्या मानाने मजुरी आणि बोनस. सुमारे दोन आठवडे धुराड्यांतून धूर निघाला नाही. मिटलं तेव्हा भत्ता १५ वरून ३५ टक्के झाला. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला आणि दिवस बारा तासांवरून दहा तासांवर आला.

संप मिटून आठवडाही झाला नव्हता. माँटेग्यूंच्या सुधारणांत मत कुणाला द्यायचं हे ठरवायला साउथबरो समिती फिरत होती. तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ रोजी सिडनहॅम कॉलेजातला सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक साक्षीला आला, भीमराव आंबेडकर. मताचा हक्क मालमत्तेवर ठरला तर अस्पृश्यांत मतदारच उरणार नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी पात्रता खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही याच समितीपुढे साक्ष दिली. १९१९ चा कायदा झाला, तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलात मराठे आणि तत्सम जातींना सात राखीव जागा मिळाल्या. अस्पृश्यांना निवडणुकीची एकही मिळाली नाही, त्यांचा प्रतिनिधी सरकारच नेमणार होतं.